एमआयटीला जायचं सोडून गडी गवंडी झाला, अन् साईटवरचं काम मॉडेलवर शिकवायची वाट पाडून गेला

तुमचा एखादा मित्र सिव्हिलला असेल तर त्याच्या लॅपटॉपमध्ये एकदा डोकावून बघा.

पायाचा खड्डाही न खणता ही पोरं स्क्रीनवर दहा मजली बिल्डिंग उभी करतात. कॉलम, बीम, पाइपलाइन सगळं थ्रीडीत. त्या मॉडेलला तारखा जोडल्या की कुठल्या आठवड्यात कुठला स्लॅब पडणार ते व्हिडिओसारखं दिसतं. याला फोरडी म्हणतात, चौथी मिती म्हणजे वेळ.

दुसरा प्रकार सिम्युलेशनचा. डंपर किती, बिगारी किती, मिक्सर एक ठेवायचा की दोन, असे आकडे घालायचे. मग कॉम्प्युटर सांगतो की कोण कुणासाठी किती वेळ खोळंबून उभं राहणार. गणित चुकलं तरी एक गोणी सिमेंट वाया जात नाही, बटण दाबायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

आपल्याला वाटतं ही कॉम्प्युटरची कमाल आहे. पण साईटवरचं काम साईटपासून वेगळं काढायचं, त्याचं मॉडेल बनवायचं आणि त्या मॉडेलवर माणसाला शिकवायचं, हा उद्योग कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी एका माणसाने करून ठेवला होता. त्याच्याकडे होता एक कॅमेरा, बोटाला बांधायचा एक छोटा दिवा आणि वाकवायला तार.

फ्रँक बंकर गिलब्रेथ त्याचं नाव.

७ जुलै १८६८ ला अमेरिकेतल्या मेन राज्यात, फेअरफिल्ड नावाच्या गावात फ्रँकचा जन्म झाला. पोरगा तीन वर्षांचा असताना वडील गेले. आई खमकी. पोरांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून तिने गाव सोडलं आणि शेवटी सगळ्यांना घेऊन बॉस्टनला आली. १८८५ साली फ्रँक तिथल्या इंग्लिश हायस्कूलमधून बाहेर पडला. एमआयटीत जाण्याइतकी त्याची तयारी होती, घरच्यांचीही तीच अपेक्षा होती.

पण फ्रँकने एमआयटीला रामराम ठोकला आणि सतराव्या वर्षी एका बांधकाम कंत्राटदाराकडे शिकाऊ गवंडी म्हणून लागला. म्हणजे आपल्याकडे आयआयटीची रँक आलेल्या पोराने हातात थापी घेऊन साईटवर जावं, तसंच काहीसं. ठरलं असं होतं की गडी सगळी कामं खालपासून शिकत वर चढेल. पुढे झालंही तसंच, पण पहिल्याच दिवसांत त्याला एक प्रश्न पडला आणि तो त्याला आयुष्यभर पुरला.

त्याला वीट रचायला शिकवणारे गवंडी एकेक जण वेगळं शिकवत होते. एकाचा हात असा फिरे, दुसऱ्याचा तसा. इथपर्यंत ठीक आहे, माणूस तितक्या पद्धती. गंमत पुढे आहे. तोच गवंडी शिकवताना एका पद्धतीने वीट लावून दाखवायचा आणि स्वतःचं काम करताना दुसऱ्याच पद्धतीने लावायचा. मुकादम मागे येऊन उभा राहिला आणि घाई झाली की तिसरीच पद्धत बाहेर यायची.

जरा विचार करा, यात कुणी फसवत नव्हतं. त्या गवंड्यांना खरंच वाटायचं की आपण जे करतो तेच दाखवतोय. वर्षानुवर्षं काम करून हात इतका तयार झालेला असतो की तो काय करतो हे मालकालाच ठाऊक नसतं. आजीला विचारा भाकरी कशी थापायची. ती सांगेल एक आणि तिचे हात करतील वेगळंच.

फ्रँकचं डोकं इथे अडकलं. शिकवणाऱ्याला स्वतःची कला दिसतच नसेल तर शिकणाऱ्याने बघायचं तरी काय?

तो हातांकडे बघायला लागला. एक वीट लावायला किती हालचाली होतात ते मोजायला लागला. वाकणं, वीट उचलणं, चांगली बाजू समोर यावी म्हणून ती हातात फिरवून बघणं, दुसऱ्या हाताने माल घेणं, तो पसरणं, वीट ठेवणं, थापीच्या दांड्याने दोन-चार ठोके मारून ती बसवणं. अशी यादी अठरा हालचालींवर गेली.

त्यातली सगळ्यात महागडी हालचाल होती वाकण्याची. वीट असते दोन-सव्वादोन किलोची. ती उचलायला गवंडी स्वतःचं साठ-सत्तर किलोचं शरीर खाली नेतो आणि परत वर आणतो, तेही दिवसातून हजारेक वेळा. शेकडो वर्षं जगभर हे असंच चालू होतं. मागच्या उन्हाळ्यात गावाकडे आमच्या कंपाउंडचं काम चाललं होतं. तिथे उभं राहून मी हे मोजायचा प्रयत्न केला आणि दहा मिनिटांत नाद सोडला. माझी नुसतं बघूनच कंबर धरली.

फ्रँकने यावर भाषण दिलं नाही, परांची बदलली. त्याने अशी परांची बनवली की भिंत जशी वर चढेल तशी तीही थोडी थोडी वर सरकवता येईल. गवंडी उभा राहणार एका फळीवर आणि विटा, माल ठेवायला त्याहून उंच दुसरी फळी, साधारण कंबरेच्या उंचीला. वाकणं बंद!

मग त्याने विटांकडे मोर्चा वळवला. खाली बिगाऱ्याने विटा आधीच निवडायच्या आणि चांगली बाजू एकाच दिशेला येईल अशा एका लाकडी चौकटीत रचून वर पाठवायच्या. त्यामुळे गवंड्याला वीट फिरवून बघावी लागत नाही. माल योग्य पातळ कालवला की वीट हाताच्या दाबानेच बसते, ठोकत बसायची गरज नाही. असं करत करत अठरा हालचालींच्या पाचावर आल्या.

याचा हिशेब फ्रेडरिक टेलर या त्या काळच्या मॅनेजमेंट गुरूने १९११ च्या आपल्या पुस्तकात देऊन ठेवलाय. त्या भागात जुन्या पद्धतीने एक गवंडी तासाला सरासरी १२० विटा लावायचा. फ्रँकच्या एका कामावर शिकवलेल्या गवंड्यांनी तासाला सरासरी ३५० विटा लावल्या.

आपण गोष्टीत जरा पुढे गेलो, मागे येऊ. १८९५ साली फ्रँकने बॉस्टनमध्ये स्वतःची कंत्राटी फर्म काढली. परांचीचं पेटंट त्याच्या नावावर होतंच, पुढे काँक्रीट मिक्सरचंही झालं. काम वेगात उरकून देणारा माणूस अशी त्याची ख्याती होती आणि तो स्वतःच तिची जोरदार जाहिरात करायचा. १९०२ मध्ये त्याने एका इंजिनिअरिंग कॉलेजची लॅबोरेटरी अकरा आठवड्यांत उभी करून दिली.

कॉलेज कुठलं? एमआयटी! जिथे तो शिकायला गेला नाही तिथे लॅब बांधायला गेला.

धंदा वाढला, साईट्स वेगवेगळ्या शहरांत पसरल्या. १९०६ च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को जमीनदोस्त झाल्यावर तिथलीही कामं मिळाली. आता मालक प्रत्येक साईटवर उभा राहू शकत नव्हता. मग त्याने नियम लिहून काढले. हजेरी कशी घ्यायची, सामान कसं मागवायचं, कामाचे फोटो कसे काढून ऑफिसला धाडायचे, कामगाराने चांगली सूचना दिली तर त्याला बक्षीस कसं द्यायचं, सगळं त्यात आलं. १९०८ मध्ये हे ‘फील्ड सिस्टीम’ या नावाने छापलं गेलं. त्याच वर्षी काँक्रीटच्या कामावरचं पुस्तक आलं आणि १९०९ मध्ये वीटकामावरचं. बांधकाम कसं चालवायचं हे ज्या काळात मुकादमाच्या डोक्यात असायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

आता गोष्टीत लिलियन येते. खरं तर यापुढची अर्धी गोष्ट तिचीच आहे.

लिलियन मोलर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. बर्कलेमधून शिकलेली, साहित्यात एमए केलेली. १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये दोघांचं लग्न झालं. फ्रँकला बारा मुलं हवी होती आणि ती झालीही. त्यातली एक मुलगी लहानपणीच घटसर्पाने गेली. एवढ्या संसारात लिलियनने मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठातून पीएचडी मिळवली. तिचं मॅनेजमेंटच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक १९१४ मध्ये छापून आलं, पण त्यावर नाव होतं एल. एम. गिलब्रेथ. लेखिका बाई आहे हे वाचकांना कळू नये हा प्रकाशकाचा आग्रह. अशा पुस्तकावर बाईचं नाव बघून कारखानदार ते विकत घेणार नाहीत, अशी भीती.

फ्रँक हालचाली मोजत होता. त्या हालचाली करणाऱ्या माणसाला काय वाटतं, तो थकतो कशाने, कंटाळतो कशाने, हे प्रश्न प्रामुख्याने लिलियनने आणले. १९१६ मध्ये दोघांनी फक्त थकव्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

आणि हे प्रश्न येणं गरजेचंही होतं, कारण गवंडी खूश नव्हते.

त्यांचं म्हणणं आजही नीट ऐकण्यासारखं आहे. गवंड्याची खरी कमाई त्याच्या हातातली कला. ती बापाकडून पोराकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची. युनियनची ताकद त्यावरच होती. आता कंत्राटदार येणार, ती कला मोजणार, तिचे तुकडे करून पुस्तकात छापणार आणि उद्या कुठल्याही नवख्याला आठ दिवसांत शिकवणार. मग जुन्या गवंड्याची किंमत काय राहिली? शिवाय तिप्पट विटा लागल्या तर मजुरी तिप्पट होणार का? ती तशी होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मजुरी थोडी वाढायची आणि उरलेला फायदा दुसरीकडे जायचा.

फ्रँक स्वतः थापी धरलेला माणूस होता. कमी हालचाली म्हणजे कमी थकवा, यात कामगाराचंच भलं आहे, असं तो मनापासून मानायचा. पण वाकणं वाचलं म्हणून गवंड्याला दुपारी झाडाखाली बसायला मिळालं का? वाचलेल्या वेळात आणखी विटा लागल्या. मला विचाराल तर या प्रश्नाला फ्रँकने शेवटपर्यंत सरळ उत्तर दिलं नाही.

१९१२ च्या सुमारास त्याने बांधकामाचा धंदा आवरता घेतला. कुटुंब ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला आलं आणि फ्रँक कारखान्यांचा सल्लागार झाला. न्यू इंग्लंड बट कंपनी या कारखान्यात त्याने कॅमेरा लावला. हा होता चक्क सिनेमाचा कॅमेरा. तेव्हा सिनेमा म्हणजे करमणुकीचा नवा खेळ, आपल्याकडे दादासाहेब फाळकेंचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून वर्ष होतं. फ्रँकने फ्रेममध्ये एक खास घड्याळ ठेवलं. त्याचा काटा इतका भरभर फिरायचा की मिनिटाचे बारीक बारीक तुकडे वाचता यायचे. एकेक फ्रेम बघायची आणि हात कुठून कुठे, किती वेळात गेला ते लिहायचं.

याने फ्रँकचं समाधान झालं नाही. फिल्ममध्ये हालचाल दिसते, पण तिचा रस्ता दिसत नाही. मग त्याने कामगाराच्या बोटाला छोटा दिवा बांधला, खोलीत अंधार केला आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवली. काम संपेपर्यंत दिवा जिथून जिथून गेला तिथे फोटोत पांढरी रेघ उमटली. रात्री हायवेवर लाँग एक्स्पोजर मारून गाड्यांच्या लाईटच्या रेघा टिपलेले रील तुम्ही बघितले असतील, त्यातलाच प्रकार. पुढे त्याने दिव्याची वीज ठरावीक वेळाने तोडायला सुरुवात केली. आता रेघेच्या जागी तुकडे उमटले. तुकडे लांब असतील तर हात वेगात आणि जवळ जवळ असतील तर हात हळू. तुकड्याच्या आकारावरून हात कुठल्या दिशेला चाललाय तेही कळायचं.

या फोटोंवरून फ्रँक आणि त्याची माणसं तार वाकवायची. हाताने हवेत काढलेला अख्खा रस्ता आता तारेच्या रूपात टेबलावर उभा राहायचा. तो चारही बाजूंनी बघता यायचा, त्यावरून बोट फिरवता यायचं. नवख्याचा रस्ता वेडावाकडा, गाठी पडल्यासारखा. तरबेज माणसाचा मोकळा आणि सरळ. शिकता शिकता एकाच माणसाची तार कशी सुटत जाते तेही शेजारी शेजारी ठेवून दाखवता यायचं.

शिकवताना एक आणि करताना दुसरंच करणारा तो बॉस्टनचा गवंडी आठवा. त्याला जे तोंडाने सांगता येत नव्हतं ते आता तारेत पकडलं गेलं होतं.

या तारा कारखान्यापुरत्या राहिल्या नाहीत. १९१३ पासून चार उन्हाळे गिलब्रेथ पती-पत्नीने प्रॉव्हिडन्समध्ये प्राध्यापकांसाठी शाळा चालवली. विद्यार्थ्यांना मॅनेजमेंट शिकवायचं तर आधी मास्तरांना शिकवलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटचे प्राध्यापक यायचे, फिल्म आणि मॉडेल बघायचे, आपापल्या कॉलेजात परत जायचे.

हालचालींना नावं हवीत म्हणून फ्रँकने शोधणं, पकडणं, नेणं, सोडणं, थांबून राहणं अशा मूळ क्रियांची यादी केली. तिला नाव दिलं ‘थर्ब्लिग’. हे आहे गिलब्रेथचंच उलटं स्पेलिंग, फक्त टी आणि एच जागच्या जागी. गड्याला स्वतःचं कौतुक कमी नव्हतं.

त्याच्या मुलांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत असे किस्से भरपूर आहेत. बापूस शर्टावरच्या जाकिटाची बटणं खालून वर लावायचा, कारण त्यात काही सेकंद वाचायचे. एकदा दोन वस्तरे घेऊन दाढी केली तर वेळ वाचला, पण कापलं तिथे पट्ट्या लावण्यात त्याहून जास्त गेला. तिथे मॉडेल फसलं म्हणायचं.

मॉडेल फसल्याच्या तक्रारी घराबाहेरही होत्या. १९१४ मध्ये त्याच्या एका गिऱ्हाईकाने थेट टेलरकडे तक्रार केली की काम नीट होत नाही. टेलरने आपला माणूस तिथे पाठवला आणि दोघांचं कायमचं बिनसलं. कॅमेऱ्यापुढे चकाचक दिसणारी पद्धत रोजच्या गोंधळात टिकवायची तर साहेबाला तिथे पाय रोवून बसावं लागतं, आणि फ्रँकचा पाय एका जागी ठरत नसे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हातपाय गमावलेल्या सैनिकांना कोणती कामं कशी करता येतील यावर दोघांनी काम केलं. १९१८ मध्ये फ्रँक अमेरिकी सैन्यात मेजर म्हणून गेला, तिथे जबर आजारी पडला आणि हृदय कायमचं कमजोर झालं. तरी १९२१ मध्ये त्याने इंजिनिअरांच्या सभेपुढे प्रोसेस चार्ट मांडला. कुठल्याही कामातलं करणं, नेणं, तपासणं, साठवणं यांना चिन्हं द्यायची आणि सगळा प्रवास कागदावर काढायचा. आज ऑफिसात पीपीटीमध्ये जो फ्लोचार्ट टाकतात, त्याच्या घराण्यातला हा जुना माणूस.

१४ जून १९२४. फ्रँक युरोपला निघाला होता, लंडन आणि प्राग इथल्या परिषदांना. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेशनवरून त्याने घरी लिलियनला फोन लावला. बोलता बोलता फोनच्या खोक्यातच हृदयविकाराचा झटका आला. वय होतं ५५.

घरी अकरा मुलं, सगळ्यात धाकटी दोन वर्षांची. पाच दिवसांनी लिलियन बोटीत बसली आणि नवऱ्याच्या जागी परिषदांना जाऊन आली.

परतल्यावर कळलं की कंपन्यांना बाईकडून सल्ला नकोय. कंत्राटं एकेक करून गेली. मग तिने राहत्या घरात शाळा काढली आणि त्याच कंपन्यांच्या माणसांना फी घेऊन मोशन स्टडी शिकवायला सुरुवात केली. साईट सुटली होती, तेव्हा तिने स्वयंपाकघरांचा अभ्यास केला. पायाने उघडायची कचराकुंडी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे याचं श्रेय तिलाच दिलं जातं. १९३५ मध्ये इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात ती प्राध्यापक झाली. गिलब्रेथांची कागदपत्रं आणि पुस्तकं आज तिथेच आहेत. २ जानेवारी १९७२ ला ती गेली, ९३ वर्षांची होऊन.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, शेजारच्या इलिनॉय राज्यात डॅनियल हाल्पिन नावाच्या संशोधकाने पीएचडीचा प्रबंध दिला. विषय होता बांधकामाचं काम कॉम्प्युटरवर सिम्युलेट कसं करायचं. त्यातून सायक्लोन नावाची पद्धत आली आणि बांधकाम शिकवणाऱ्या वर्गांत सिम्युलेशन शिरलं. पुढे हाल्पिन अनेक वर्षं पर्ड्यूमध्येच बांधकाम व्यवस्थापन विभागाचे प्रमुख होते.

या पद्धतीत काम म्हणजे गोल गोल फिरणाऱ्या चक्रांचं जाळं. माणूस किंवा यंत्र एकतर काम करतंय किंवा रांगेत थांबलंय, तिसरी अवस्था नाही. विद्यार्थ्यांना हे समजवायला नेहमी दिलं जाणारं उदाहरण फार सोपं आहे. बिगारी विटांचा गठ्ठा परांचीवर आणून ठेवतो. परांचीवर मोजकेच गठ्ठे मावतात. गवंडी गठ्ठा उचलतो, विटा लावतो, जागा रिकामी होते. बिगारी एकने वाढवला तर भिंत लवकर होईल की तो नुसता परांचीखाली उभा राहील?

पोरं आकडा बदलतात, बटण दाबतात आणि उत्तर बघतात. गवंडी, बिगारी, परांची आणि विटांची चौकट, पात्रं तीच आहेत.